भीमेचं पहिलं पाणी

गुढीपाडव्याच्या आधीचा गुरुवार होता, 27 मार्च 2025. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. बुधवारी सेकंड शिफ्ट करून मी रात्री पावणेबाराला खोलीवर आलो. मेसचा डबा गार झाला होता, तो तसाच खाल्ला आणि साडेचारचा गजर लावून आडवा झालो. पहाटे सव्वापाचला आम्ही तिघं दोन गाड्यांवर तळेगाव चौकात हजर होतो. दिवसा जिथं अर्धा अर्धा तास पाय टेकून उभं राहावं लागतं, तो चाकणचा चौक त्या वेळी मोकळा होता. फर्स्ट शिफ्टच्या माणसांना घेऊन जाणाऱ्या दोन-चार बस आणि महाळुंग्याकडे वळणारे कंटेनर, एवढीच काय ती वर्दळ.

आम्हाला जायचं होतं भोरगिरीला, आणि तिथून रानातून चढून गुप्त भीमाशंकरला. बरोबरचे दोघे माझ्याच लाईनवरचे. एक सांगली जिल्ह्यातल्या जतचा, दुसरा बुलढाण्याकडचा. मी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला. जत-करमाळ्याकडं पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे बरा पडला तर. पाणी बघायला म्हणून डोंगर चढायचा, हे आमच्याकडच्या माणसालाच पटकन समजतं.

खरं कारण आई होती. आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आताचं गावठाण पुनर्वसनाचं. धरण 1980 साली पुरं झालं. त्याच्या आधीची भीमा आईनं लहानपणी पाहिली आहे. 1972 च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. नदी आटली की बायका वाळूत हातभर खोल झिरा काढायच्या आणि वाटीनं पाणी भरायच्या. हात लहान म्हणून आईला झिऱ्यात उतरवायचे. एक घागर भरायला किती वेळ लागायचा ते ती आजही सांगते: "पार सूर्य कासराभर वर यायचा रं." पुढं धरण झालं, तिची सासर-माहेरची दोन्ही गावं बुडाली, आणि दारापासून कोसभर लांब समुद्रासारखं पाणी आलं. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी आहे, राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या धरणांत तिची गणती होते. तरी 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत गेली, मृतसाठ्यातलं पाणी उपसायची वेळ आली. पलीकडं इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर उघडं पडलं आणि आमच्याकडं जुन्या गावाचे दगडधोंडे दिसायला लागले. आई त्या चिखलात जाऊन तिच्या घराचा उंबरा शोधून आली होती.

या संक्रांतीला गावी गेलो तेव्हा ती म्हणाली, "तू तिकडं वरच्या अंगाला ऱ्हातूस. भीमेचा उगम तुझ्यापासनं जवळ हाय म्हणतेत. कधी गेलतास का?"

तेरा वर्षं मी चाकणला आहे. श्रावणात एकदा बसनं भीमाशंकरला जाऊन आलो होतो. धुकं, पाऊस आणि रांग, याशिवाय त्यातलं काही आठवत नाही. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "पावसाळ्यात काय बघायचं? पावसाळ्यात समद्याच वढ्याला पानी असतंय. होळी झाल्यावर जा. तवा बघ तिथं पानी हाय का. आनि असलं तर बाटलीभर घिऊन ये."

म्हणून फाल्गुन. अमावस्या दोन दिवसांवर आली होती, उजाडायच्या आधी अंधार चांगलाच दाट होता.

राजगुरुनगर ओलांडून आम्ही चासच्या रस्त्याला लागलो. चास म्हणजे बाजीराव पेशव्यांच्या काशीबाईंचं माहेर. पुढं चासकमान धरणाचं पाणी उजव्या-डाव्या हाताला दिसत राहतं. तीच भीमा, पण भिंतीनं अडवलेली. वाड्याला चहा घेतला. तिथून पुढं रस्ता अरुंद होतो, डोंगर जवळ येतात आणि हवेतला धुरळा कमी होतो. टोकावडे मागं टाकलं तेव्हा उन्हं डोंगरमाथ्यावर आली होती. एका ओसाड उतारावर वणव्यानं जळालेला काळा पट्टा होता, अजून धुराचा वास येत होता. पळस मात्र भरात होता. पानं झडलेल्या झाडांवर नुसता केशरी जाळ.

भोरगिरी हे रस्त्याचं शेवटचं गाव. राजगुरुनगरहून एसटी येते, ती इथंच वळते. नदीकाठी कोटेश्वराचं मंदिर आहे, त्याच्या मागं छोटासा किल्ला आणि कातळात खोदलेल्या गुहा. मंदिरापाशी गाड्या लावल्या. नदीचं पात्र बघायला खाली उतरलो, तर नुसते गोटे. गोट्यांमध्ये जागोजाग डबकी साचलेली, एका डबक्यात दोन म्हशी बसलेल्या. मला आईचे शब्द आठवले आणि जरा धास्ती वाटली. इथंच अशी गत असेल, तर वर काय असणार?

एका घरापुढं एक मामा दोरखंड वळत बसले होते. त्यांना वाट विचारली. त्यांनी हातातलं काम न सोडता मान वर करून डोंगराकडं पाहिलं आणि सांगितलं, "शेतं संपली की रान लागेल. रान सोडायचं नाही. मोकळ्या पठारावर गेलात की उजवी धरायची." पाणी किती घेतलंय तेही विचारलं. सहा बाटल्या म्हटल्यावर म्हणाले, "बस झालं. पण जपून प्या, मधे कुठं नाही."

भोरगिरी ते भीमाशंकर सात-आठ किलोमीटरची चाल आहे. गुप्त भीमाशंकर मंदिराच्या दीडेक किलोमीटर अलीकडं लागतं. पावसाळ्यात ही वाट माणसांनी गजबजते, त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पहिला चढ उघड्या उतारावरून आहे. कारवीच्या वाळक्या काड्या अंगाला घासत होत्या, पायाखाली पाचोळा कुरकुरत होता. पण करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या होत्या आणि त्यांचा वास चढभर आमच्यासोबत होता. बुलढाण्याचा गडी दर वळणावर थांबून वास घ्यायचा. त्याच्याकडं करवंद नाही, त्यानं ते फळ एसटी स्टँडवर द्रोणात विकायला ठेवलेलंच पाहिलं होतं.

रानात शिरलो आणि एकदम गारवा लागला. बाहेर फाल्गुनाचं ऊन, आत संध्याकाळ झाल्यासारखी सावली. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजन, ऐन. अंजनाला बहर आला होता. फांद्यांना लगटून निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस, जणू कुणी लाकडावर गुलाल उधळावा तसा निळा रंग उधळलाय. मी ते झाड पहिल्यांदाच पाहिलं. उंचावर शेकरूची घरटी दिसत होती, काटक्या-पानांचे मोठाले गोळे. मग शेकरू पण दिसलं, तांबूस पाठ, पांढुरकं पोट आणि अंगाएवढी शेपटी. ते आमच्यावर रागावून टकटक आवाज करत एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं. हे आपल्या राज्याचं मानचिन्ह, आणि भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली जाहीर झालं ते मुख्यतः याच्यासाठी. त्याला जमिनीवर उतरायला आवडत नाही, वरच्या वर फांद्यांतून जायला सलग झाडं लागतात. झाडी तुटली की त्याची वाटच बंद होते.

पठारावर आल्यावर आम्ही चुकलो.

मामांनी उजवी धरायला सांगितली होती, पण उजव्या बाजूला दोन पायवाटा होत्या. जास्त मळलेली होती ती आम्ही घेतली. ती गुरांची निघाली. अर्धा तास चालल्यावर ती एका कोरड्या ओढ्यात उतरली आणि तिथंच विरून गेली. ओढ्यात गुडघाभर पाचोळा. फोनला रेंज नाही. साडेदहा वाजले होते आणि सहापैकी चार बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. कारण चढताना जपून प्यायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. जतचा मित्र म्हणाला, "या ओढ्यानंच वर जाऊ, पाणी वरूनच येतंय ना." म्हणणं खोटं नव्हतं, पण कुठल्या डोंगरातून कुठला ओढा येतो ते आम्हाला कुठं माहीत होतं? आम्ही तिथंच बसलो. मला खरंच भीती वाटली. कंपनीत मशीन बंद पडलं तर मेंटेनन्सला फोन करता येतो. इथं बोलवायला कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. थांबून थांबून, फांदीवर काठी मारल्यासारखा. त्या आवाजाच्या दिशेनं गेलो तर एक आजी आणि तिची सून हिरड्याच्या झाडाखाली होत्या. सून काठीनं फांदी हलवत होती, आजी खाली पडलेली कोवळी हिरवी फळं वेचून ओच्यात भरत होती. हा बाळहिरडा. वाळवून औषधासाठी विकतात. खेड, आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी लोकांचं हे उन्हाळ्याचं नगद पीक, भात संपल्यावर हातात पैसा येतो तो याचाच.

"कुठनं आलात रं बाबांनो? वाट चुकलात जनू," आजीनंच आधी विचारलं.

चाकणहून आलोय, कंपनीत असतो, असं सांगितलं. ती हसली. "माझा नातू बी तिकडंच हाय. म्हाळुंग्याला. चार म्हयने झालं आला न्हाई." मग तिनं बसायला सांगितलं. आम्ही घेऊन आलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या सोडल्या, तिला आणि सुनेला दिल्या. पोळी खाता खाता ती झाडांबद्दल बोलत होती. 2020 च्या निसर्ग वादळात तिचे मोठे हिरडे उन्मळून पडले. हिरड्याचं झाड मोठं व्हायला माणसाचा अर्धा जन्म जातो, म्हणाली. पाण्याचं विचारलं तर म्हणाली, "पाऊस आला की घर सोडवत न्हाई इतका. आन वैशाखात आमालाच न्हाई. समदं पानी खाली जातं, तुमच्याकडं."

भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या करमाळ्याच्या पाच-सहा पट. आणि त्याच डोंगरातली बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरते. धरणाच्या काठी राहून तहानलेलं गाव मला नवं नव्हतं. पावसाच्या माहेरी राहून तहानलेलं गाव मी पहिल्यांदा ऐकलं.

उठताना तिनं वाट दाखवली आणि एक गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही. "पान्याच्या आवाजावर जाऊ नका. आता आवाज नसतो. दगड बघा. ज्या दगडाला हिरवं शेवाळ असंल त्याच्या वर चढा."

ती बरोबर होती. परत पठारावर येऊन दुसरी पायवाट धरली, पुन्हा दाट रान लागलं आणि काही वेळानं आम्ही एका ओढ्याच्या पात्रात उतरलो. इथंही आवाज नव्हता. पण दगडांच्या पोटाला शेवाळ होतं, मग एका खोबणीत ओल, मग तळहाताएवढं पाणी, त्यात बेडकाचं पिल्लू. आम्ही पात्रानं वर वर गेलो. एका ठिकाणी झाडं जवळ आली, कातळाची भिंत आडवी आली आणि तिच्या पायथ्याशी शिवलिंग दिसलं. हेच गुप्त भीमाशंकर. वर मंदिराजवळ उगम पावणारी भीमा मधे लुप्त होते आणि इथं पुन्हा प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात या कातळावरून धबधबा थेट पिंडीवर कोसळतो. त्या दिवशी कातळ जवळजवळ कोरडा होता.

जवळजवळ. पिंडीच्या बाजूला, कातळात कमरेएवढ्या उंचीवर एक आडवी फट होती. फटीच्या वर काळा घट्ट दगड, खाली हाताला लागेल असा तांबूस, मऊ थर. त्या दोन्हींच्या सांध्यातून पाणी येत होतं. करंगळीपेक्षा बारीक धार, दगडाला चिकटूनच खाली उतरणारी. लांबून तर ती दिसतही नव्हती, दगड फक्त चकाकत होता. मी हात लावला. पाणी माठातल्यासारखं गार होतं.

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे हे शाळेत शिकलो होतो. पण त्याचा अर्थ त्या फटीपाशी कळला. पावसाचं पाणी रानातल्या पाचोळ्यातून, मुळांतून, वरच्या दगडाच्या भेगांतून झिरपत खाली येतं. मधे हा तांबूस मातकट थर आडवा लागतो, तो पाणी खाली सोडत नाही. मग पाणी आडवं सरकत सरकत जिथं डोंगराची कड उघडी असेल तिथून बाहेर येतं. म्हणजे मी ओंजळीत घेतलेलं ते पाणी त्या दिवशीचं नव्हतं. गेल्या आषाढ-श्रावणात पडलेलं, सात-आठ महिने डोंगराच्या पोटात चाललेलं. वरचं रान गेलं तर तेच पाणी एका पावसात वाहून जाईल आणि फाल्गुनात इथं नुसता दगड राहील.

बाटली भरायची पंचाईत झाली. धार दगड सोडत नव्हती, बाटलीच्या तोंडात पडेना. जतच्या मित्रानं एक लांबट पान तोडलं, मधोमध दुमडलं आणि फटीत टोचलं. पानाची पन्हळ झाली. धार दगड सोडून पानावरून आली आणि टोकाशी एकेक थेंब, मग थेंबांची सलग दोरी. त्याखाली बाटली धरली.

मी सीएनसी मशीनवर काम करतो. कुठलंही काम सुरू झालं की घड्याळ बघायची सवय आहे, एका जॉबला किती सेकंद लागतात यावरच आमचा दिवस मोजला जातो. सवयीनं मी घड्याळ लावलं. एक लिटरची बाटली भरायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. दिवसाचा हिशोब केला तर साडेतीनशे लिटरच्या आत. आमच्या चाळीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो आणि दीड दिवसात संपतो. तो भरायला या धारेला एक महिना लागला असता. अर्थात ही काही एकटीच धार नाही. या डोंगररांगेत अशा किती फटी असतील, त्यांची मिळून भीमा होते, 861 किलोमीटर वाहत जाऊन कर्नाटकात कृष्णेला मिळते. वाटेत पंढरपूरला चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून तिथं तिला चंद्रभागा म्हणतात. आषाढीला लाखो माणसं जिच्यात उभी राहतात ती नदी माझ्या समोर एका पानावरून उतरत होती.

बाटली भरत होती त्या चार मिनिटांत मला जे आठवलं ते इथं सांगायलाच हवं.

2013 साली मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होतो. नाव सांगत नाही. मशीनवर कटिंग करताना टूल गार राहावं म्हणून कुलंट सोडतात, पाण्यात तेल मिसळलेलं दुधासारखं पांढरं द्रावण. काही आठवड्यांनी ते सडतं, त्याला आंबूस घाण वास सुटतो, मग टाकी रिकामी करून नवं भरायचं. वापरलेलं कुलंट ड्रममध्ये साठवून रीतसर विल्हेवाटीला द्यायचं असतं, त्याला पैसे पडतात. आमच्याकडं रात्रपाळीला सांगितलं जायचं की मागच्या गटारीत सोडा. मी सोडायचो. टाकीचा प्लग काढायचो, बादल्या भरायचो आणि मागच्या दारानं जाऊन ओतायचो. बावीस वर्षांचा होतो, नोकरीची गरज होती, आणि खरं सांगायचं तर ते पाणी पुढं कुठं जातं असा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नाही.

चाकणच्या उत्तरेकडचं पाणी भामा नदीकडं उतरतं, दक्षिणेकडचं इंद्रायणीकडं. भामा पुढं भीमेला मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेलाच मिळते. मुळा-मुठाही शेवटी तिलाच मिळते. मग हे सगळं दौंडवरून उजनीत जातं. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्या फेसाशेजारी वारकरी आंघोळ करत होते. आणि उजनीच्या काठी माझं गाव आहे. आमच्या गावची पाणीपुरवठ्याची विहीर फुगवट्याच्या कडेला आहे. मी रात्री चाकणच्या गटारीत बादली ओतत होतो आणि आई खालच्या अंगाला घागर भरत होती. ती मला "वरच्या अंगाला ऱ्हातूस" म्हणाली त्याचा अर्थ मला त्या फटीपाशी पुरता समजला.

मी हे तिथंच दोघांना सांगितलं. बुलढाण्याचा मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मीपण ओतलंय. दुसरीकडं होतो तेव्हा."

आम्ही तासभर तिथं बसलो. पिंडीवर ओंजळीनं पाणी घातलं. वरच्या झाडीतून एका पाखराची शीळ येत होती, माणूस रमतगमत गाणं गुणगुणतो तशी, सूर न धरता. शीळकरी कस्तुर असावा, तो अशा ओढ्याकाठीच राहतो. एक नाचण पक्षी शेपटीचा पंखा उघडत-मिटत आमच्यापासून दोन हातांवर येऊन पाणी पिऊन गेला. तेवढ्या पाण्यावर किती जीव येत असतील, ते दगडावरच्या खुरांच्या चिखलावरून दिसत होतं. आणि तिथंच एका कपारीत वेफर्सची रिकामी पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, एक शाम्पूची पुडी. गेल्या पावसाळ्यातली असावीत. आम्ही ती गोळा केली, एक अख्खी पिशवी भरली.

पुढं साक्षी विनायकावरून चढून भीमाशंकरला दर्शन घेतलं. गर्दी बरी होती. मंदिरापुढची मोठी पोर्तुगीज घंटा पाहिली, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी दिलेली. त्याविषयी अधिक लिहीत नाही, ती जागा सगळ्यांना माहीत आहे. बाटल्या भरून घेतल्या, झुणका-भाकर खाल्ली आणि आल्या वाटेनंच परत फिरलो. उतरताना आजी दिसली नाही. भोरगिरीला पोचेपर्यंत साडेपाच झाले होते. दोरखंड वळणारे मामा तिथंच होते. "होतं का पाणी?" त्यांनी विचारलं. होतं म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

रविवारी पाडव्याला गावी गेलो. आईनं गुढी उभी केली होती, कडुलिंबाची चटणी हातावर ठेवली. मी बॅगेतून बाटली काढून दिली. तिनं ती उजेडाकडं धरून पाहिली, झाकण उघडून वास घेतला. मग एक घोट पिऊन म्हणाली, "गोड हाय." किती वेळात भरली ते सांगितलं, तर लगेच म्हणाली, "मंजी आमच्या झिऱ्यापरीस बेगीच." अर्धं पाणी तिनं देव्हाऱ्यातल्या गडूत ओतलं. उरलेलं शेजारणींना चमचा चमचा वाटलं. कुलंटचं मी तिला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना सांगून टाकलं. ती काही रागावली नाही. एवढंच विचारलं, "आता न्हाई ना ओतत?"

नाही ओतत. आताच्या कंपनीत वापरलेलं कुलंट ड्रममध्ये भरून, नोंद करून अधिकृत विल्हेवाटीला जातं. नव्या हेल्परला मशीन दाखवताना मी आता टाकीचा प्लगही दाखवतो, आणि त्याचं गाव कुठलं ते विचारतो. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, भोसरी या पट्ट्यात काम करणाऱ्या माझ्या भावांनो, तुमच्यातले कितीतरी दौंड, इंदापूर, करमाळा, माढा, पंढरपूर, मंगळवेढ्याचे आहेत. ही सगळी गावं भीमेच्या खालच्या अंगाला आहेत. रात्रपाळीत कुणी मागच्या गटारीत ओतायला सांगितलं तर तेवढं एक काम करू नका. आणि सुट्टीच्या दिवशी, पाऊस सुरू व्हायच्या आत, एकदा गुप्त भीमाशंकरला जाऊन या. पिण्याचं पाणी घरून न्या, रिकामी बाटली परत आणा, झऱ्याला साबण लावू नका.